गोळीसोबत शांतताही : जपानी बागेतला एक तास



वस्तीत बी.पी. तपासणीला बसलो की आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते. "ताई, गोळी चालू आहे, पण डोकं काही शांत होत नाही." बोलणारी बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीची बाई असते. पहाटे नळाला उठलेली, चार घरची धुणीभांडी केलेली, संध्याकाळी पुन्हा स्वतःच्या घरचा स्वयंपाक. मान आखडलेली, झोप अर्धवट. तिला आम्ही मीठ कमी करा, पापड-लोणचे कमी करा, मिश्री सोडा, गोळी चुकवू नका असे सांगतो. हे सगळे बरोबरच आहे. पण तिच्या शरीराला रोज थोडा वेळ शांत जागा मिळते का, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एका बागेविषयी लिहीत आहोत. बागेत जाणे हा रिकामटेकड्यांचा शौक नाही. शांत बागेत शरीरात काय घडते, हे समजले की ते पटेल.

शरीरातल्या दोन गाड्या

आपल्या शरीरात आपोआप चालणाऱ्या नसांची दोन टोकांची व्यवस्था आहे. पहिली धोक्याच्या वेळची. साप दिसला, कुणी अंगावर ओरडले, घर पाडायची नोटीस आली, की ती जागी होते. अॅड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. हृदय जोरात धडकते, रक्तवाहिन्या आवळतात, श्वास वरवर चालतो, स्नायू ताठ होतात. पळायला किंवा झुंजायला शरीर तयार होते. त्यामागोमाग कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्य वाढते, ते रक्तातली साखर वर आणते. दुसरी व्यवस्था विश्रांतीची. ती चालू झाली की ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल होतात, पोट अन्न पचवू लागते, झोप लागते.

दोन्ही लागतातच. धोक्याची व्यवस्था नसती तर रस्त्यावर आपण गाडीखाली आलो असतो. अडचण अशी की वस्तीतल्या जगण्यात पहिली व्यवस्था बंदच होत नाही. पाण्याची चिंता, भाड्याची चिंता, पोराच्या कॉलेजची फी, ठेकेदाराने अडवलेला पगार. त्यात भर आवाजाची. पत्र्याच्या भिंतीतून शेजारच्या घरचा टीव्ही ऐकू येतो, भांडण ऐकू येते, रात्री डीजे वाजतो. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये. हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे. तो कुठे पाळला जातो हे आपण जाणतोच. झोपेतही आपले कान चालू असतात. मोठा आवाज झाला की माणूस जागा झाला नाही तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. वर्षानुवर्षे असे चालले तर बी.पी. वाढायला आणि हृदयाला त्रास व्हायला तेही एक कारण ठरते.

म्हणूनच आम्ही म्हणतो, शांतता ही श्रीमंतांची चैन नव्हे. पाणी, उजेड, हवा यांच्यासारखीच ती शरीराची गरज आहे.

पुण्यातली जपानी बाग

पुण्यात सिंहगड रोडवर, दांडेकर पुलापासून जवळ, पु. ल. देशपांडे उद्यान आहे. याचेच दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा हे जपानमधले एक शहर. तिथल्या कोराकुएन नावाच्या प्रसिद्ध बागेवरून हे उद्यान बेतले आहे. मूळ बाग सुमारे ३३ एकरांची, पुण्यातली १० एकरांची. महापालिकेचे उद्यान असल्याने तिकीट मामुली असते. स्वारगेटहून सिंहगड रोडला जाणाऱ्या पीएमपीच्या बसने तिथे जाता येते. दत्तवाडी, दांडेकर पूल, जनता वसाहत इथल्या लोकांना तर ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तरीही या वस्त्यांमधल्या कितीतरी बाया तिथे कधीच गेलेल्या नसतात. विचारले तर उत्तर येते, "ती आपल्यासाठी नाही हो, तिथं कारवाले येतात." आमच्या महिला मंडळाच्या भगिनींना घेऊन आम्ही गेलो, तेव्हा दारापाशी एक आजी थांबून विचारत होत्या, "आत सोडतील ना?" तिकीट काढले, आत गेलो. कोणी अडवले नाही. अडवण्याचा प्रश्नच नव्हता, उद्यान महापालिकेचे म्हणजे आपलेच आहे. पण त्या प्रश्नामागे पिढ्यांचा अनुभव आहे, हे आपल्याला माहीत आहे. जवळच पर्वतीची टेकडी आहे. तिथल्या मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९२९ साली सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींनी मार खाल्ला. तेव्हा सार्वजनिक जागेत ताठ मानेने जाणे हेसुद्धा आरोग्याचेच काम समजा.

ही बाग वेगळी का वाटते

आपल्या नेहमीच्या बागेत झोपाळे, घसरगुंडी, फुलांचे ताटवे आणि कारंजी असतात. जपानी बागेत फुलांचा भडकपणा कमी. हिरव्याच्या निरनिराळ्या छटा, कातरलेली झुडपे, लहान उंचवटे, दगड, पूल आणि पाणी. पुण्याच्या उद्यानात जवळच्या कालव्याचे पाणी वळवून आणले आहे. ते ओढ्यासारखे बागभर फिरते, कुठे दगडावरून घसरते, कुठे तळ्यात थांबते. तळ्यात मासे दिसतात.

या बागेची प्रत्येक गोष्ट विचार करून ठेवलेली असते, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा शरीराशी संबंध लागतो.

पहिली गोष्ट वाट. जपानी बागेची वाट सहसा सरळ नसते. ती वळते, चढते, उतरते. पुढचे दृश्य थोडे झाकलेले राहते, वळण घेतल्यावर दिसते. त्यामुळे पाय आपोआप हळू पडतात. कामावर जातानाची घाईची चाल इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट दगड. पाण्यातून किंवा गवतातून जाताना एकेका पावलाएवढे दगड मांडलेले असतात. त्यावर पाऊल ठेवताना लक्ष पायाकडे जाते. डोक्यात फिरणारी चिंता तेवढा वेळ थांबते. मन एकाच वेळी पायाखालच्या दगडाकडे आणि उद्याच्या हप्त्याकडे नीट पाहू शकत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याचा आवाज. अचानक वाजणारा हॉर्न मेंदूला धोक्याची खूण वाटतो. वाहत्या पाण्याचा एकसारखा आवाज तसा वाटत नाही. शिवाय तो बाहेरच्या रहदारीचा आवाज थोडा झाकतो.

चौथी गोष्ट लांबचे दृश्य. जपानी माळी बागेबाहेरची टेकडी किंवा झाडीसुद्धा बागेचाच भाग असल्यासारखी दाखवतात. कोराकुएनमध्ये तिथला किल्ला आणि डोंगर असे बागेत घेतले आहेत. जवळचे काम करताना डोळ्यातला बारीक स्नायू सतत आवळलेला असतो. लांब बघितले की तो सैल होतो. मशीनवर शिवणकाम करणाऱ्या, मणी ओवणाऱ्या, दिवसभर मोबाइलकडे बघणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांना हा आराम हवा असतो.

भिक्खूंनी सांभाळलेल्या बागा

जपानमध्ये बागांची ही कला वाढवण्यात बौद्ध विहारांचा मोठा वाटा आहे. भारतातला ध्यान हा शब्द चीनमध्ये चान झाला आणि जपानमध्ये झेन. या झेन परंपरेतले भिक्खू मुसो सोसेकी (१२७५ ते १३५१) यांनी क्योतो शहरातल्या विहारांच्या बागा घडवल्या. त्यातली एक शेवाळाची बाग म्हणून जगभर ओळखली जाते. क्योतोतच र्योआनजी विहारात पांढऱ्या खडीवर १५ दगडांची बाग आहे. तिथे पाण्याचा थेंब नाही. ओसरीवर कुठेही बसा, एका वेळी सगळे १५ दगड दिसत नाहीत, एखादा तरी नजरेआड राहतो. खडीवर दंताळे फिरवणे, पाने झाडणे हे तिथे हलके काम मानत नाहीत, तो साधनेचाच भाग असतो. झाडू हातात धरणाऱ्या माणसाला खाली पाहणाऱ्या समाजात ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

आपल्याकडेही हे नवीन नाही. तथागतांचे वास्तव्य वेळूवनात, जेतवनात, आम्रवनात असे. राजगृहातले आम्रवन जीवकाने दिलेले होते, आणि जीवक हा त्या काळचा नामांकित वैद्य. वेळूवन देताना बिंबिसार राजाने कोणता विचार केला, तो विनयपिटकात आला आहे. जागा गावापासून फार दूर नको आणि फार जवळही नको, लोकांना येण्याजाण्यास सोयीची हवी, दिवसा गर्दी नको, रात्री आवाज नको. आज एखाद्या शहराने सार्वजनिक बागेची जागा निवडायची म्हटली, तर याहून चांगली कसोटी आम्हाला सुचत नाही.

ओकायामाच्या बागेची कथाही बोलकी आहे. इकेदा त्सुनामासा या सरदाराने ती बांधवली, १७०० साली ती पूर्ण झाली. बाग त्याची खासगी होती, ठरावीक दिवशी सामान्य लोकांना आत येऊ देत. १८७१ साली तिला कोराकुएन हे नाव मिळाले. राज्यकर्त्याने आधी लोकांची काळजी वाहावी आणि स्वतःचे सुख सर्वांच्या नंतर घ्यावे, या जुन्या चिनी वचनावरून ते नाव घेतले आहे. १८८४ साली बाग सरकारकडे आली आणि सर्वांसाठी उघडली. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिची मोठी हानी झाली, पण लोकांनी जुने नकाशे आणि चित्रे पाहून ती पुन्हा उभी केली.

झाड दिसणारी खिडकी

हिरवळ पाहिल्याने काय होते, याचा एक अभ्यास नर्सिंगच्या कामातल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीतून नुसती विटांची भिंत. वय वगैरे बाबतींत सारख्या रुग्णांच्या २३ जोड्या लावून त्यांनी तुलना केली. झाडे दिसणाऱ्या खोलीतले रुग्ण थोडे लवकर घरी गेले, त्यांना वेदनेची जोरदार औषधे कमी लागली, आणि त्यांच्याबद्दल नर्सेसनी लिहिलेल्या तक्रारीच्या नोंदीही कमी होत्या. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान आहे, पण त्यानंतर रुग्णालयांच्या रचनेत खिडकी आणि झाड यांचा विचार जास्त होऊ लागला.

जपान सरकारच्या वनखात्याने १९८२ साली 'वनस्नान' अशा अर्थाचा शब्द रूढ केला. पाण्याने नव्हे, जंगलातल्या हवेने, वासाने, उजेडाने अंघोळ. झाडांत सावकाश फिरल्यावर ठोके आणि बी.पी. थोडे उतरते, मन हलके होते, असे त्यावरच्या अभ्यासांत दिसले आहे.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. बागेने बी.पी. 'बरे' होत नाही. बरे वाटू लागले म्हणून गोळी बंद करणे धोक्याचे आहे. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टरांनी मोजणी पाहूनच ठरवायचे. बाग ही गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे.

एक तास कसा घालवावा

आम्ही मंडळाच्या भगिनींसोबत जो क्रम ठेवतो, तोच इथे देतो.

पहिली पाच मिनिटे दाराजवळच्या बाकावर नुसते बसा. मोबाइल आवाज बंद करून पिशवीत. तोंडात तंबाखू किंवा मिश्री नको, कारण त्यातले निकोटीन ठोके वाढवते.

पुढची तीस मिनिटे चाला. सुरुवात सावकाश, मग जरा वेगाने. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे असा मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस तीस-तीस मिनिटे.

त्यानंतर दहा मिनिटे पाण्याजवळ बसून श्वास. चार आकडे मोजत नाकाने आत घ्या, सहा आकडे मोजत हळूहळू बाहेर सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतील. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस ते काम करते. म्हणून सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवायचा. आनापानसतीचा सराव असेल त्यांनी मोजण्याऐवजी श्वासाकडे नुसते पाहिले तरी चालेल. चक्कर आली तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

उरलेला वेळ काहीही न करण्याचा. मासे बघा, लांबची टेकडी बघा. आमच्या बायांना हेच सर्वांत कठीण जाते. हात रिकामे ठेवायची सवयच नाही. कोणी पदराला गाठी मारते, कोणी बाकावरची पाने गोळा करू लागते. चारेक आठवड्यांत हात मांडीवर स्थिर राहू लागतात.

ज्यांनी जपून जावे

इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. जवळ साखरेची पुडी किंवा गोड गोळी ठेवावी. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खावी. पायांना मुंग्या येतात अशांनी अनवाणी चालू नये, कारण जखम झाली तरी कळत नाही. गुडघे दुखतात त्यांनी दगडांवरून जाण्याऐवजी सपाट वाट धरावी. पावसाळ्यात शेवाळामुळे दगड निसरडे होतात. दम्याच्या रुग्णांनी पंप सोबत न्यावा. संध्याकाळी डास असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

चालताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर "बसून बघू" म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा.

बागा सहसा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात, दुपारी बंद असतात. वेळा बदलतात, म्हणून आधी चौकशी करा. दारावरचा फलक वाचून डबा आत नेता येतो का, हिरवळीवर बसता येते का, ते पाहा.

बाग लांब असेल तर

सगळ्यांच्या वस्तीजवळ जपानी बाग नाही. नागपूरकडच्या वाचकांना कामठीच्या ड्रॅगन पॅलेसचा शांत परिसर माहीत आहे, तोही जपानच्या सहकार्याने उभा राहिलेला. पण रोजच्या आरोग्याला वर्षातून एकदाची सहल पुरत नाही. जवळचे मैदान, नदीकाठ, महापालिकेची छोटी बाग, विहाराचे अंगण, काहीही चालेल. विहाराच्या अंगणात चार मोठ्या कुंड्या, एक बाक आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास लाउडस्पीकर बंद, एवढे ठरवले तरी सुरुवात होते. फक्त कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ताटली आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा.

आणि जिथे काहीच जागा नाही, तिथे मागणी करा. नगरसेवक मत मागायला येतात तेव्हा आपण नळ, गटार, लाईट मागतो. त्याच यादीत एक ओळ वाढवा : वस्तीपासून चालत जाता येईल अशी, बाकांची, सावलीची, बायांना संध्याकाळी निर्धास्त बसता येईल अशी एक बाग. तिथे दिवा हवा, स्वच्छतागृह हवे, प्यायचे पाणी हवे. जिथे संडास नाही तिथे बाई तासभर थांबत नाही, हे नकाशा काढणाऱ्या साहेबांना आपणच सांगावे लागेल.

तोवर आहे त्या बागेत जा. एकट्या जायला संकोच वाटत असेल तर गल्लीतल्या चौघी मिळून जा. सासूबाईंना न्या, घरी बसून कंटाळलेल्या आजोबांना न्या. जाण्याआधी आणि महिन्यानंतर आरोग्य केंद्रात बी.पी. मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवा. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. आकडा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत राहिला तर डॉक्टरांना दाखवा. पुढच्या तपासणी शिबिराला येताना ती वही सोबत आणा, आपण मिळून पाहू.